कागदाची बोट, प्लॅस्टिकची बोट

दर रविवारी सकाळी आमच्या पडवीत तीन मोठी माणसं खेळणी करत बसतात, असं आमच्या हिचं म्हणणं. आम्ही त्याला मॉडेल म्हणतो. मॉडेल पुरं होईलच याची खात्री नसते, पण त्याच्या पायी होणारे किस्से मात्र आपोआप साठत जातात, आणि कपाटावर जागाही मागत नाहीत. त्यातले एका बोटीचे सांगतो. बोट एकच, पण आम्ही ती दोनदा केली.

अंतादादा शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झाले. ते फक्त कागदाचं करतात. विलास बर्फाच्या फॅक्टरीत आहे, तो फक्त प्लॅस्टिकचं. मी एसटीतून सुटलो, दोन्ही करतो, म्हणून दोघंही मला कच्चा समजतात.

विलासचे वडील मिरकरवाडा बंदरातले जुने तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान. गेल्या वर्षी विलासने त्यांची निळी लाकडी बोट मोडीत काढली. चालवायला माणूस मिळेना, दुरुस्ती झेपेना, करणार काय? त्या दिवसापासून म्हातारा विलासशी बोलत नाही. राहतात एकाच घरात. विलास दारात उभा असला तर सुनेला सांगतात, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, वाट सोड."

विलासने हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मग म्हणाला, "बोटीचं मॉडेल करून देतो. निदान एक शब्द तरी बोलतील."

मला वाईट वाटलं. अंतादादांनाही वाटलं असणार, पण ते म्हणाले, "प्लॅस्टिकचं देणार? बाप आहे तो तुझा."

झालं. दोघांनीही बोट करायला घेतली.

*

अंतादादांचं म्हणणं, कागद वळवावा तसा वळतो, चुकला तर दुसरा कापावा. विलासचं म्हणणं, प्लॅस्टिकला धार येते, ते पाण्याला भीत नाही, आणि कागदाची बोट ही कल्पनाच मुळात चुकीची आहे.

अंतादादांनी जुन्या फोटोंवरून सुंदर नकाशे काढले आणि जाड कागदावर झेरॉक्स मारून आणले. दोन रविवार कापाकापी केली. जोडायला घेतलं, तर बोटीचा पुढचा अर्धा भाग मागच्यापेक्षा बोटभर रुंद. त्यांनी स्वतःचं गणित तपासलं, मग माझी पट्टी तपासली. शेवटी झेरॉक्सवाल्याकडे गेले.

तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, तुमचं एक चित्र पानावर लहान दिसत होतं. मोठं करून दिलं. त्याचे जास्तीचे घेतले नाहीत."

*

त्यावर सगळ्यात जास्त हसला विलास. त्याची पाळी मे महिन्यात आली.

बोटीचा सांगाडा तयार करून तो आम्हाला दाखवायला गाडीतून आणत होता. वाटेत भाट्याच्या पुलापाशी सासुरवाडीचा कोणी भेटला. मग सरबत, मग गप्पा. बोट पुढच्या काचेखाली, गाडी भर उन्हात. परत येऊन बघतो तर बोटीची नाळ, म्हणजे पुढचं उंच टोक, पार खाली वाकलेली.

त्याने ती पडवीत आणून ठेवली. अंतादादांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"विलास, दमलीय रे ती," ते म्हणाले. "जरा पडू दे."

*

पावसात कागदाची खोड निघाली. अंतादादांची दुसरी बोट हवेतला ओलावा पिऊन फुगली, शिवणी उकलायला लागल्या. त्यांनी ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. तांदूळ ओल ओढून घेतो, हे खरंच आहे, आणि बोट कोरडी झालीही. पण डब्यात सोंडे, म्हणजे तांदळातले किडे, होते. बाहेर काढली तेव्हा एका बाजूला तीन भोकं.

अंतादादांकडच्या वहिनी म्हणाल्या, "तांदूळ मी निवडून घेतलाय. बोट तुमची तुम्ही निवडा."

अंतादादांनी भोकं बुजवली आणि तिथे टायर टांगले. खऱ्या बोटीलाही बाजूला टायर असतातच.

*

विलासने नाळ नव्याने बसवली. मग एका रविवारी त्याच्या चिमट्यातून पंखा उडाला. बोटीचा पंखा तो, तांदळाएवढा. आम्ही तिघं गुडघ्यांवर. आमची ही झाडू घेऊन आली, आमच्याकडे बघून तशीच परत गेली. पंखा काही सापडला नाही. विलासने दुसरा कोरला.

पुढच्या रविवारी अंतादादांच्या कागदी बोटीला मागे एक फार सुबक पंखा दिसला. विलासने ओळखला. अंतादादांच्या सदऱ्याच्या घडीत पडून तो त्यांच्या घरी गेला होता.

"परत द्या," विलास म्हणाला.

"गोंद वाळला," अंतादादा म्हणाले.

*

गणपतीच्या आधी दोन्ही बोटी झाल्या. आम्ही तिघं विलासच्या घरी गेलो. तांडेल खुर्चीत बसले होते. दोन्ही बोटी समोरच्या स्टुलावर ठेवल्या. विलास भिंतीला टेकून उभा राहिला, हात मागे.

तांडेलांनी एक उचलली, तळाकडून बघितली. "ही कसली?" मला विचारलं.

"कागदाची."

"नि ही?"

"प्लॅस्टिकची. विलासने केलीय."

त्यांनी तीही फिरवून बघितली आणि खाली ठेवली. विलासकडे बघितलंसुद्धा नाही. अंतादादांना राहवलं नाही. "तांडेल, आता तुम्हीच सांगा. कुठली बरोबर?"

तांडेल उठले आणि आतल्या खोलीत गेले. सून आमच्यासाठी चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. विलासने आपली बोट उचलून खोक्यात ठेवायला घेतली. "असू दे," तो मला म्हणाला. "चला."

आत कॉटखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. तांडेल बाहेर आले ते हातात फळी घेऊन. हातभर लांब, एका अंगाला निळा रंग, खिळ्यांची भोकं गंजून लाल झालेली. ती त्यांनी माझ्याकडे दिली नाही, सुनेकडेही दिली नाही. विलासच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्याच्या हातात ठेवली.

"ह्याची कर," ते म्हणाले. "नि नाळ जरा उचल. सुताराने बांधतानाच खाली घेतलीन."