नळाच्या दिवसाचा बेंच

लातूरला आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो, आणि त्या दिवशी घरातल्या एकानं रजा टाकून पाणी भरायचं असतं. आमच्या घरात हे मानाचं काम माझं. भांडी भरेपर्यंत मी मोरीपाशी बसून टेस्टिंगचा बेंच बांधायचो: हौशी पोरांना सर्किटं तपासायला परवडेल असा. तेलाच्या डब्यांच्या पत्र्याच्या पाच पेट्या. एकीत वीजपुरवठा, एकीत मीटर, बाकीच्या लागतील तशा जोडायच्या. पत्र्यात करंट उतरू नये म्हणून अर्थिंगची सळई तिथंच मोरीच्या मातीत ठोकली. वर्षभर सगळं बिनचूक. मी स्वतःला शास्त्रज्ञ समजून राहिलो होतो.

नांदेडचे एक चाचा, जुने रेडिओ मेकॅनिक, दुकान बंद करायला निघाले होते. त्यांच्या भाच्याला तिथं मोबाइलची कव्हरं विकायची होती. मी म्हटलं, "चाचा, त्यापेक्षा माझे बेंच मांडू. पोरं येऊन शिकतील, विकत घरी नेतील."

"पहले देखता. खरा निघाला तर दुकान तुमचं, मास्तर."

ते एसटीनं आले तेव्हा नळ येऊन पाच दिवस झाले होते. सोबत आणलेला रेडिओ त्यांनी पेटीला जोडला. तो भुंग्यासारखा घुमायला लागला. चाचांनी मेकॅनिकच्या सवयीनं उलटा हात पत्र्याला लावला नि झटकन मागं घेतला.

"मास्तर, डब्बा काटरा! शॉक मारतोय!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या सगळ्या चाचण्या नळाच्या दिवशी, मोरी ओली असताना झालेल्या. आता माती तडकलेली, अर्थिंग मेलेलं. शहाण्यानं हात जोडले असते. मी घरातली घागर उचलली.

"अहो, प्यायचं हाय ते! अजून तीन दिवस काढायचेत!" बायको ओरडली.

सळईच्या बुडाशी ओतली. भुंगा थांबला, बातम्या लागल्या. मी जग जिंकल्यासारखं चाचांकडं बघितलं. हवामानाच्या अंदाजापर्यंत जमिनीनं पाणी पिऊन टाकलं नि भुंगा परत आला.

"सळई खोल ठोकतो, चाचा."

"कितनी खोल? तुमच्याकडं बोअर कोरडे जाऊन राहिले." मग हळूच म्हणाले, "पोरं हे घरी नेतील ना? त्यांच्या घरी घागर घेऊन कोण उभं राहील?"

चहा विचारायची सोय मीच ठेवली नव्हती. ते तसेच निघाले.

दुकानात आता कव्हरं लटकतात. दुकानाची चावी त्यांनी त्या दिवशी खिशातून आणली होती, आल्या आल्या माझ्या बायकोला दाखवलीसुद्धा होती. तिनं हे मला एसटी सुटल्यावर सांगितलं.