झणका चटणीची नोटीस आणि झनकार बँड

चहा ओतलाय, घ्या. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा, मला आता सवय झाली आहे. दिल्लीत राहून माणसं काय काय पराक्रम करतात, पण लग्नात वाजवणाऱ्या बँडला "तुमचा सगळा माल ताबडतोब नष्ट करा" असं रजिस्टर पोस्टाने कळवणारी बाई मी एकटीच असेन.

आमच्या ह्यांची नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे लग्न होऊन दिल्लीत आले ती इथलीच झाले. पुढे फरीदाबादला घर घेतलं, मुलं मोठी झाली आणि मी शेंगदाण्याची चटणी विकायला लागले. नाव ठेवलं 'झणका'. आधी मराठी मंडळात खपायची, मग शेजारच्या पंजाबी बायकांत, मग दुकानांत. पराठ्यावर लोणी आणि लोण्यावर माझी चटणी, असं खाणारी घरं होती. आमच्या खालच्या मजल्यावर देशमुखकाका राहतात, निवृत्त वकील. त्यांनी मागे लागून माझ्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवून घेतला. "अगं, चटणी कोणीही कुटेल, नाव तुझं आहे," म्हणाले.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर फोन यायला लागले. "भाभीजी, इस बार चटनी बासी निकली." आता मी तर त्या महिन्यात चटणी कुटलीच नव्हती, मिक्सर बिघडला होता. शेवटी एकीने पाकीटच आणून दाखवलं. तोच लाल रंग, तीच मिरची, तेच नाव. फक्त 'ण'चा 'न' केलेला. आत दाणे असे खवट की तोंड धुवावं लागलं. मागे पत्ता म्हणून नुसतं 'करोल बाग, दिल्ली'.

माझ्या नावावर कोणीतरी खवट दाणे खपवतंय, म्हटल्यावर माझं डोकं काय झालं असेल? मी तडक काकांकडे गेले.

काका म्हणाले, "आधी इशारापत्र पाठवू. शांत भाषेत. नाव माझं नोंदलेलं आहे, ही त्याची प्रत, वापर थांबवा आणि तसं लेखी कळवा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. पण आधी पत्ता नीट काढून आण."

दुसऱ्याच दिवशी मेट्रोने करोल बाग. चार गल्ल्या फिरले, गर्दीत दोनदा चप्पल निघाली. शेवटी एका पानवाल्याला विचारलं, "भैया, झनका कहाँ है?"

तो म्हणाला, "ऊपर, पहली मंज़िल."

जिना अंधारा आणि माझे गुडघे दुखत होते. म्हटलं, चोराच्या दारात कशाला जा? खालच्या दारावरचा नंबर लिहून घेतला आणि परत आले. झाला तो घोटाळा इथेच.

काकांचा मसुदा मला फार मिळमिळीत वाटला. 'कृपया' काय, 'विनंती' काय? मी त्यांना न दाखवता माझ्या हिंदीत नवीन पत्र लिहिलं. बोर्ड उतरवा, धंदा बंद करा, माल नष्ट करा, नाहीतर तुरुंगात जाल. खाली सही, शिक्का, घरचा पत्ता आणि माझा फोन नंबर. पोस्टात टाकलं तेव्हा मला किल्ला सर केल्यासारखं वाटत होतं.

काही दिवसांनी एका अनोळखी गृहस्थांचा फोन. "आप चटनी वाली मैडम हैं? परसों मेरे बेटे की बारात है. बैंड वाला कहता है, मैडम ने मना कर दिया."

मी म्हटलं, "राँग नंबर," आणि ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी दारात एक उंच, पांढऱ्या मिशांचे म्हातारे गृहस्थ उभे. हातात माझं पत्र. आत यायलाही तयार होईनात.

"बहनजी, मैं झनकार बैंड का मास्टर. नाम मेरे पिताजी का रखा हुआ है. बोर्ड मैंने उतार दिया. पर ढोल कैसे नष्ट करूँ? उन्हीं से तो घर चलता है."

झनकार. पानवाल्याने 'झनका' ऐकून त्याच्या ओळखीचा 'झनकार' दाखवला होता, आणि मी पहिल्या मजल्यावर न चढता एका भल्या माणसाचा बोर्ड उतरवला होता. मला भूमी दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. मास्टरजींना बसवलं, पाणी दिलं, हात जोडून माफी मागितली. पण त्यांना तोंडी माफी पुरेना. "लिखकर दे दीजिए," म्हणाले.

काकांना बोलावलं. काकांनी माझं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"तुरुंग?" एवढंच म्हणाले.

मग त्यांनीच दोन ओळी लिहून दिल्या: झनकार बँडने वाजवण्याला चटणीवाल्या बाईंची कसलीही हरकत नाही. मास्टरजींनी कागद घडी करून खिशात ठेवला, त्या बारातवाल्यांना माझ्याच फोनवरून होकार कळवला आणि पहिल्यांदा हसले. "आप जिसे ढूँढ रही हैं, वो नमकीन वाला तो हमारे ठीक नीचे है, बहनजी. पिछली गली से दुकान खुलती है. कल हम बोर्ड वापस लगाएँगे, आप भी आइए."

तर दुसऱ्या दिवशी मी काकांचं मूळ, शांत भाषेतलं पत्र घेऊन गेले. सोबत काका आणि त्यांची जाडजूड फाईल. मास्टरजींनी बोर्ड चढवला, आणि बोर्ड चढला की वाजवायचं हा त्यांचा रिवाज. सोनेरी झालरींचे गणवेश घालून सगळा बँड माझ्या मागे वाजवत मागच्या गल्लीत आला. बघ्यांची ही गर्दी.

नमकीनवाले गुप्ताजी दुकानातून बाहेर आले. समोर गणवेशातली माणसं, फाईल घेतलेला वकील आणि मधोमध मी. माझ्या पत्राने वरच्या मजल्याचा बोर्ड उतरलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही.

"मैडम, कहाँ साइन करना है?"

काकांनी लेखी हमी पुढे केली, त्यांनी तिथेच सही केली. नकली पाकिटं माझ्यासमोर पोत्यात भरून बाजूला काढली. बँडने काय वाजवलं ते आठवत नाही, पण त्या क्षणी ते माझ्यासाठीच होतं.

मग माझी जीभ सुटली. विजयाची नशा, दुसरं काय. गुप्ताजींना मी भर गल्लीत सुनावलं. दाणे जुने वापरता कशाला? मंद आचेवर भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मग कुटा, लसूण शेवटी. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ठीक है जी. नया नाम भी आप ही बता दीजिए, जिससे आपको तकलीफ़ न हो."

मी मोठ्या मनाने म्हटलं, "खमंग ठेवा."

काका हळूच खोकले. मी लक्ष दिलं नाही.

परवा पुण्याहून माझी सख्खी बहीण राहायला आली होती. निघताना मी तिच्या बॅगेत 'झणका'ची चार पाकिटं ठेवायला घेतली. ती म्हणाली, "अगं, ही राहू दे. तुमच्याकडे ते 'खमंग' मिळतं ना, ते दे. नक्की कोणा मराठी सुगरणीचं असणार बघ, काय दाणे भाजलेत."