कय्युमभाईंचं वेगळं ताट

उस्मानपुऱ्यात आमच्या समोरच कय्युमभाई राहतात. नान-कलियाचे, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचे, बावर्ची. कलियाची देग उतरवण्याआधी तळहातावर चार थेंब घ्यायचे, चाटायचे, मान हलवायची, मगच पंगत बसायची. तीस वर्षं हाच शिरस्ता. लेक तहरीम रांगत होती तेव्हापासून ते सांगत आले, हिच्या लग्नाचा कलिया माझ्याच हातचा.

दोन वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस बी निघाला. जुना, बहुधा जन्मापासूनचा. डॉक्टरांनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला, मेहरुन्निसाभाभींना, समोर बसवून समजावलं: रोज उपाशीपोटी एक गोळी, बहुतेक आयुष्यभर, घरच्यांनी लस घ्यायची, एका ताटात जेवल्यानं हा आजार लागत नाही. भाभींनी सगळं नीट ऐकलं आणि घरी येऊन हिरव्या काठाचं एक ताट त्यांच्यासाठी वेगळं काढलं. तोवर सगळं घर दस्तरखानावर एकाच मोठ्या थाळीत जेवायचं.

कय्युमभाईंची चूक एवढीच, की ते खरं बोलले. लोकांना खाऊ घालणाऱ्यानं लपवाछपवी करू नये असं त्यांना वाटलं. लग्नाची सुपारी घेऊन आलेल्या माणसाला ते म्हणाले, “भाऊ, मला कावीळ हाय रक्तातली. पण डाक्टर म्हणतेत, जेवणातून लागत नाय.” ऐकणाऱ्यानं पहिलंच वाक्य लक्षात ठेवलं. आठ दिवसांत गल्लीला कळलं, महिन्याभरात कामं बंद.

मला लोकांची चीड येते. पण आपण तरी कुठले शहाणे? ते आमच्याकडं आले तेव्हा माझ्या बायकोनं मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि त्यांना कागदी कपात. मी पाहिलं आणि गप्प बसलो. याची लाज मला अजून वाटते.

यंदा तहरीमचं लग्न ठरलं. शेंद्र्याच्या पाहुण्यांचा निरोप आला, मुलगी पसंत आहे, फक्त स्वयंपाक दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. कय्युमभाईंनी वाद घातला नाही. लेकीचं लग्न मोडलं असतं.

कलिया त्यांच्याच शागिर्दानं, मुनीबनं केला. कय्युमभाई देगीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. उतरवायची वेळ झाली तसा मुनीब सवयीनं डाव घेऊन त्यांच्यापुढं आला. त्यांनी तळहात पुढं केला. मुनीब थबकला.

“उस्ताद, लोगां देखरे,” तो हळूच म्हणाला आणि त्यानं कागदी कप मागवला.

कय्युमभाईंनी चाखलं, मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि तो कप घडी करून खिशात घातला. कुठं टाकावा हे त्यांना कळेना.

पाठवणी झाल्यावर भांडी पोहोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. भाभींनी दस्तरखान अंथरला होता. दोन वर्षांनी ती मोठी थाळी मांडली, त्यात नान आणि कलिया वाढला आणि रडत रडत त्यांना म्हणाल्या, चुकलं माझं, आज माझ्या ताटात जेवा.

कय्युमभाई उठले. मला वाटलं, हात धुवायला चाललेत. ते फडताळातून हिरव्या काठाचं ताट घेऊन आले आणि थाळीपासून लांब बसले. भाभींकडं त्यांनी पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहून बोलले.

“तिला सांगा, भाऊ. आता माझं मलाच भेव वाटायलंय.”