नकाशात न आलेली वाडी

"लिवलं का?" वाटेतल्या प्रत्येक ओढ्याचं, टेपाडाचं, खिंडीचं नाव सांगून झालं की आबा हे विचारायचे. वहीत लिहून दाखवेपर्यंत पुढे पाऊल टाकायचे नाहीत. बरं, त्यांना वाचता येत नव्हतं. तरी दाखवायचं.

मुळशीच्या तलावामागच्या जंगलाचा नकाशा करायला आमची टीम गेली, तेव्हा आबा वाटाड्या म्हणून मिळाले. सत्तरी ओलांडलेले, पण चढावर आम्हाला कधीच मागे टाकायचे. देवराईच्या तोंडाशी मात्र त्यांनी आम्हाला मोजणीच्या यंत्रासकट अडवलं. "आदी पायताण काढा. मग मोजा काय मोजायचं ते." आमचा इंजिनिअर बिचारा काटे काढत अनवाणी देवराई मोजत फिरला. आबा मागून गालातल्या गालात हसत होते.

दुपारी भाकरी खाताना मी त्यांना नकाशा समजावला. उंचीच्या रेषा चिकटून आल्या की कडा, लांब लांब असल्या की सपाटी. अर्ध्या तासात हा माणूस कागदावर बोट फिरवत डोंगर सांगायला लागला.

त्यांचं मागणं एकच होतं. त्यांची मूळ वाडी धरणाच्या पाण्यात गेली तेव्हा त्यांच्या आज्यानं सात घरं वर डोंगरात आणली. "नाव बी तेच ठेवलं सायेब. पर कुटल्याच कागदावर न्हाई. तेवढं लिवा."

"लिहितो की," मी म्हणालो.

जुन्या कागदांत नाव नसलं की ग्रामपंचायतीचं पत्र लागतं. त्यासाठी एक हेलपाटा पडणार होता. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. तुमच्यापासून काय लपवू, निव्वळ आळस. नकाशा छापून आला आणि वाडीच्या जागी नुसता कोरा कागद.

एक प्रत आबांना द्यायला गेलो. खरं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून भलत्याच नावावर बोट ठेवलं. "ही बघा तुमची वाडी."

आबांनी त्या नावाभोवतीच्या रेषांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "हितं तर रेषा लई दाट हायेत, सायेब. ह्यो कडा हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नकाशाची नीट घडी घातली, फळीवर ठेवली आणि सुनेला म्हणाले, "सायबास्नी च्या ठेव."

पत्र मी त्याच आठवड्यात आणलं. पुढच्या छपाईत वाडी नावासकट आली. प्रत हातात पडताच आबांना फोन लावला. सुनेनं उचलला.

"आबा गेले की. दोन म्हयने झाले."

मी हातातल्या प्रतीची घडी घातली.

"काय काम व्हतं का त्यांच्याकडं?"

"नाही," मी म्हणालो. "सहज केला होता."