कवळीबाईंच्या हसऱ्या कवट्या

वर्षअखेरच्या सुट्टीचा बाजार जिथं भरे त्या सभागृहात शिरलं, की डाव्या हाताला आधी मेणबत्त्या, मग कागदी तारे, मग भरतकामाचे रुमाल, आणि त्यानंतर एकदम कवट्या. कागदाच्या लगद्याच्या, छोट्या कलिंगडाएवढ्या, आत दिवा, डोक्यावर विणलेली लाल टोपी. कवटी लहान आणि दात मात्र खऱ्या माणसाच्या मापाचे, त्यामुळे प्रत्येक कवटी कानापर्यंत हसायची. बाजूला हाडांच्या बोटांत मेणबत्ती धरणारा पंजा, झाकण उघडलं की किणकिणणारी वीतभर शवपेटी, आणि भेटवस्तूंची गाडी ओढणारे सहा उंदरांचे सांगाडे. सुट्टीत दारावर टांगायला माणसांना तारेच का लागतात, हे कवळीबाईंना कधी कळलं नव्हतं. "वर्ष संपतं म्हणजे काहीतरी मेलेलंच असतं की," असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. गिऱ्हाईक दचके, हसे आणि बऱ्याचदा घेऊन जाई. चाळीसपैकी नऊ कवट्या दोन दिवसांत गेल्या होत्या.

टेबलावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : "कवटी, टोपी, दात, सगळं मीच केलेलं आहे." पाटीतला 'मीच' हा शब्द त्यांनी दोनदा गिरवला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंच्या जुन्या नोकरीतला, दातांच्या दवाखान्याचा धाकटा डॉक्टर आला. सोबत बाजाराचे चिटणीस होते. हे गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले, आणि कुणी भांडायला लागलं की रुमाल काढून चष्मा पुसत. आत्ता चष्मा हातात होता.

"बाई, हे बंद करावं लागेल," डॉक्टर म्हणाला.

"काय बंद करू? दिवा की तोंड?"

"एका पेशंटच्या बायकोनं तक्रार केलीय. तिच्या वारलेल्या नवऱ्याचे दात तुम्ही टांगलेत इथं. तो मधला. ज्या साच्यांवरून हे दात उठवलेत, ते दवाखान्याचे आहेत. उद्या पाचपर्यंत सगळे साचे परत करा आणि लेखी माफी द्या. नाहीतर टेबल उचलायला सांगणार आहे मी."

"दवाखान्याचे? तू नवीन फरशी घातलीस तेव्हा हेच साचे गोणीत भरून फुटपाथवर कुणी टाकले होते रे? हातगाडी करून तीन खेपा घातल्या मी. तेव्हा तो कचरा होता, आणि आता मालमत्ता झाली?"

"तो प्रश्न वेगळा आहे."

"तुला अडचणीचा असला की प्रश्न वेगळाच असतो. लहानपणी माझ्या मेणाचे गोळे खायचास तेव्हाही तुझं असंच होतं."

चिटणिसांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात पुसलं. "बाई, चार ओळी लिहून द्या हो. टेबल राहील तुमचं."

"चार काय, अर्धी ओळसुद्धा देणार नाही."

राग काही त्या दुपारचा नव्हता. दवाखान्याच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत कवळीबाईंनी चाळीस वर्षं काढली होती. पुढे खुर्चीत डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेत, दात काढण्याआधी एकदा आणि काढल्यावर पुन्हा, आणि ते चिकट माप मागे येई. बाई त्यात प्लास्टर ओतत, जबडा सुटा करत, त्याच्या तळाला पेन्सिलीनं नाव टाकत, आणि स्पिरिटच्या दिव्यावर मेण वितळवून त्यावर दात उभे करत. एकेक दात. कुणाचा पिवळसर, कुणाचा किंचित झिजलेला, कारण साठीच्या माणसाला विशीतले दात दिले तर तो जाहिरातीसारखा दिसतो. मग पेशंट आरशात बघून म्हणे, "डॉक्टर, काय हात आहे तुमचा!" आणि थोरले डॉक्टर, म्हणजे या धाकट्याचे वडील, मान लववून "छे छे" म्हणत. पडद्यामागे बाई ऐकत. त्यांच्या हाताला प्लास्टर, नाकात कवळीच्या ॲक्रिलिकचा वास, आणि त्या 'छे छे'मध्ये आपलं नाव कधी येतं याची वाट पाहायचं त्यांनी नोकरीच्या दहाव्या वर्षी सोडून दिलं. रागवायचं मात्र सोडलं नाही.

निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी घरी पोहोचायच्या आत एका सायकल दुरुस्तीवाल्याला देऊन टाकलं.

म्हणून हे टेबल. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी केलेल्या दातांसमोर लोक उभे राहत होते आणि 'कुणी केले?' असं विचारून त्यांच्याकडेच बघत होते. ते टेबल कुणी उचलणार म्हणजे काय?

संध्याकाळी भाची आली. ही बँकेत कामाला, मावशीच्या कवट्यांच्या टोप्या विणणारी तीच. सगळं ऐकून तिनं सुया बाजूला ठेवल्या.

"लिहून दे ना गं मावशी. माफीनं काय अंगाला भोकं पडतात?"

"चुकलंय काय माझं?"

"ते मला नाही माहीत. तू त्या बाईला तरी विचार. ओरडायला डॉक्टर सापडला की तुला दुसरं कुणी दिसतच नाही."

हे कवळीबाईंना झोंबलं. पण तक्रार ज्या बाईनं केली तिनंच मागे घेतली तर डॉक्टरचा फुगा आपोआप फुटेल, हा हिशेबही त्यांनी लगेच केला. मधला जबडा कुणाचा हे त्यांना विचारावं लागत नव्हतंच. वरचे दोन पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले, डावा सुळा ओठाबाहेर डोकावणारा. बसस्थानकातल्या तिकीटखिडकीवरचा माणूस. बोलताना तोंडावर हात धरायचा, आणि त्या हातामुळे काही ऐकू येत नसल्यानं लोक त्याला तीनतीनदा विचारायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवळीबाई तिकीटवाल्याच्या घरी गेल्या. तिसरा मजला, जिन्यात कुणीतरी धुतलेल्या चादरींच्या पाण्याचा ओघळ. दार उघडलं ते त्याच्या बायकोनं. साठीची, बारीक, हातात कात्री. आत शिवणयंत्रावर कुणाचा तरी कोट पडलेला.

"मी ती कवट्यांवाली," कवळीबाई म्हणाल्या. "तुम्ही तक्रार केलीत, ती का केलीत ते विचारायला आलेय."

"बरं झालं, स्वतःच्या पायांनी आलात. या. बसा म्हणणार नाही."

"नकाच म्हणू. हे बघा, मेलेल्या माणसांचं हसू टांगलं म्हणून लोकांना राग येतो, ते मला समजतं. पण वर्षातून एकदा मरणाला टोपी घातली तर—"

"मरणाला शेरवानी घाला! मला काय त्याचं?" कात्री शिवणयंत्रावर आपटली. "कवट्या बघून घाबरायला मी काय कुकुलं बाळ आहे? मेणबत्त्या घ्यायला आले होते, ती तुमची शवपेटीसुद्धा घेणार होते, नणंदेला पाठवायला. आणि वर बघते तर हे! तेच दात. अहो, त्या दातांपायी माणूस आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तोंड मिटून उभा आहे. जेवताना भिंतीकडे तोंड करायचा. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाला, व्याह्यांसमोर मी तोंडावर हात धरून बसणार नाही. गेला, दात करून आला. आणि त्यानंतर नऊ वर्षं हसला हो तो. फोनवर हसायचा, जिथं कुणाला दिसतही नव्हतं!"

तिनं भिंतीवरची तसबीर काढून कवळीबाईंच्या हातात जवळजवळ कोंबली. मांडवात उभा असलेला माणूस, डोकं मागे टाकून, तोंड पूर्ण उघडं. सगळे दात दिसत होते.

"असे दात होते जाताना त्याचे. डॉक्टरांनी काय सुंदर केले होते! आणि तुम्ही त्याला भर बाजारात त्या जुन्या तोंडानं हसवलंत."

कवळीबाईंनी बाकीचं ऐकलं नाही. त्यांच्या कानात एकच शब्द शिरला.

"डॉक्टरांनी?" त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "डॉक्टरांनी फक्त माप घेतलं! हे मी केलेत. हा प्रत्येक दात मी मेणात उभा केलाय, आठ दिवस. डॉक्टरांनी नाही, मी!"

तिकीटवाल्याच्या बायकोनं तसबीर परत घेतली. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही केलेत? मग तुम्हाला तर माहीत होतं."

कवळीबाईंना खरंच माहीत होतं. तळाला नाव होतं. हा जबडा जुने दात काढण्याआधीचा आहे हे माहीत होतं, आणि म्हणूनच तो निवडला होता. सरळ दातांची कवटी शहाण्यासारखी दिसते, वेडेवाकडे दात असले की लोक थांबतात. चाळीसच्या चाळीस जबडे असेच निवडलेले. जे लपवायला माणसं त्यांच्याकडे आली, तेच त्यांनी दिवा लावून टांगलं होतं. स्वतः केलेलं काम पाटीवर मिरवत होत्या, आणि टेबलावरचे दात मात्र त्यांनी केलेले नव्हतेच.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे त्यांनी याआधी कुणाला म्हटल्याचं आठवत नव्हतं, आणि म्हणताना तोंड कडू झालं.

"मग आता काय करणार?"

"अजून ठरवलं नाही. ठरलं की सांगते," असं म्हणून त्या जिना उतरल्या. स्वतःवरचा राग हा प्रकार त्यांना नवा होता आणि मुळीच आवडला नाही. डॉक्टरवर रागावलं की पाय झपाझप पडत, आज पडेनात.

दुपारी त्यांनी एकेक कवटी खाली काढली. रुमालवाली म्हणाली, "अहो, गर्दी तर आत्ता होणार!" विकलेल्या नऊ कवट्या कुणाच्या दारावर हसत होत्या देव जाणे, आणि त्याचा इलाज त्यांच्याकडे नव्हता. पाटी त्यांनी शेवटी काढली, फाडली नाही, उलटी करून पिशवीत ठेवली.

पाचला डॉक्टर आला तेव्हा टेबलावर फक्त उंदीर, पंजे आणि शवपेट्या उरल्या होत्या.

"शहाणपणा केलात बाई. साचे कुठायत?"

"माझ्या घरी. आणि तिथंच राहणार."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याचा जबडा त्याच्या घरी मी स्वतः नेऊन देणार. फोडा म्हणाले तर समोर फोडीन. तुझ्या हाती देऊन परत फुटपाथवर टाकू देणार नाही."

"आणि माफी?"

"जिची मागायची तिची मागून झाली. तुझं त्यात काय आहे?"

"कायद्यानं ते दवाखान्याचे—"

"मग कायद्याला घेऊन ये घरी. चहा देईन त्याला. तुला नाही."

चिटणिसांनी चष्मा नाकावर चढवला आणि टेबल राहू द्यावं असं पुटपुटले. पण कवट्यांशिवाय ते टेबल चार खेळण्यांचं दुकान झालं होतं, हे त्यांनाही दिसत होतं. उरलेले दोन दिवस तिथं भाची बसली. बाई फिरकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा तिसऱ्या मजल्यावर उभ्या होत्या. पिशवीत प्लास्टरचा जबडा, त्याच दातांची कवटी आणि हातोडी.

"तुम्ही फोडा की मी फोडू?"

तिकीटवाल्याच्या बायकोनं जबड्याच्या तळाचं नवऱ्याचं नाव वाचलं. मग जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, जबडा त्यावर ठेवला आणि हातोडी घेतली. पहिला घाव हुकला, फरशीचा टवका उडाला. दुसऱ्या घावात जबडा दुभंगला, आणि मग ती थांबेचना. पीठ होईपर्यंत ठोकत राहिली. कवटी तिनं टोपी काढून पायानं चेपली.

"टोपी चांगली आहे," ती धापा टाकत म्हणाली. "ही मी ठेवते."

"ठेवा. भाचीनं विणलीय."

"निदान हे तरी तुम्ही केलेलं नाही!"

कवळीबाईंनी कागदाची पुडी बांधली. ती बांधेपर्यंत तिकीटवाल्याची बायको मागे उभीच होती. दार लावता लावता म्हणाली, "तो म्हणायचा, हे दात जन्मापासूनचे वाटतात. मी डॉक्टरांना पत्र लिहून कळवलं होतं तसं."

"डॉक्टरांना!" कवळीबाई म्हणाल्या. "ते पत्र मागच्या खोलीत आलंच नाही."

जिना उतरताना त्यांचे पाय पुन्हा झपाझप पडायला लागले. पिशवीत दुसरा जबडा होता, शाळेच्या माजी मुख्याध्यापकांचा. ते हयात होते, भांडखोर होते, आणि दहाच्या आत घरी सापडत.