यादी कुठे ठेवायची

आमच्या ग्रंथालयाचा कॉम्प्युटर बंद पडला तो एका पालीमुळे. दुरुस्तीवाल्याने डबा उघडला तेव्हा आत, वीज येते त्या भागाला चिकटून ती मरून पडली होती. जाता जाता ती हार्ड डिस्कही घेऊन गेली. सगळ्या पुस्तकांची यादी, सभासदांची नावं, कुणाकडे कोणतं पुस्तक आहे, हे सगळं त्या एका डिस्कवर होतं.

नाशिकच्या द्वारका चौकापासून दहा मिनिटं चालत गेलं की आमचं ग्रंथालय लागतं. मी तिथे ग्रंथपाल आहे. दर शनिवारी यादीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची, हे काम माझ्याकडे होतं. ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह काढून पाहिला तर त्यावरची शेवटची प्रत आठ महिन्यांपूर्वीची. आज करू, उद्या करू म्हणत मी ते टाळत आले होते. समितीच्या बैठकीत मी स्वतःच उभी राहून हे सांगितलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही दारावर पाटी लावली की ज्यांच्याकडे आपली पुस्तकं आहेत त्यांनी येऊन सांगून जावं. लोक आले. एका गृहस्थांनी तर लग्नाआधी नेलेलं पुस्तक आणलं आणि खाली मान घालून माझ्या टेबलावर ठेवलं. गेल्या आठ महिन्यांची नवी पुस्तकं आम्ही बिलांवरून पुन्हा एकेक करून नोंदवत होतो.

राहिली होती सायखेड्याची नोंद. तिथे आमची एक छोटी शाखा आहे, एका खोलीची. ती चालवणाऱ्या बाईंना गावात सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या घरची फुलांची आणि भाजीची शेती. सकाळी टेम्पोबरोबर नाशिकच्या बाजारात यायचं आणि दुपारी गावात वाचनालय उघडायचं, असा त्यांचा दिवस. पाटी लावल्याच्या चौथ्या दिवशी झेंडू विकून त्या थेट ग्रंथालयात आल्या आणि पिशवीतून एक जाड वही काढली.

"तुम्हाला लागंल म्हणून आणलीय, मॅडम. माझा त्या मशीनवर पहिल्यापासून भरवसा नव्हता."

सायखेड्याची एकूण एक नोंद त्या वहीत होती. काही ओळींत मात्र पुस्तकाचा क्रमांक होता आणि नावाच्या जागी नुसती फुली. मी फुल्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या की काही बायका आजारपणाची पुस्तकं नेतात, काही कोर्टकचेरीची. कुणी काय नेलं ते घरच्यांना कळलेलं त्यांना नको असतं, आणि वही तर टेबलावर उघडीच पडलेली असते. कोणती फुली कुणाची ते ताईंच्या डोक्यात पक्कं होतं.

यादी उभी राहिली आणि मग पुढचा प्रश्न आला, की आता ती ठेवायची कुठे.

आमच्या समितीत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांची सगळी नोकरी एक्स्चेंजमधल्या यंत्रांशेजारी गेली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: स्वतःचा चांगला सर्व्हर घ्यायचा, मागच्या खोलीत ठेवायचा, त्याला वेगळा इन्व्हर्टर द्यायचा आणि खिडक्यांना बारीक जाळी लावायची. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्राध्यापिका म्हणत होत्या की एवढं सांभाळायला आपल्याकडे माणूस कुठे आहे. यादी क्लाउडवर ठेवावी. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या इमारतीतल्या मशीनवर जागा घ्यायची आणि आपण इंटरनेटवरून तिथे काम करायचं.

मी काकांच्या बाजूची होते. एकदा हातचं गेलं होतं, त्यामुळे यादी डोळ्यांसमोर असावी असं मला मनापासून वाटत होतं. जे मशीन मी कधी बघणार नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? दोन बैठका यातच गेल्या. तिसऱ्या बैठकीत काकांनीच तोड काढली. महिनाभर दोन्ही चालवून बघू म्हणाले. घरचं एक मशीन ते घेऊन आले, मागच्या खोलीत बसवलं, सायखेड्याहूनही ते उघडेल अशी सोय केली. प्राध्यापिकांनी दुसरीकडे क्लाउडवर तीच यादी चढवली. प्रत्येक पुस्तक दोनदा नोंदवताना आमची मदतनीस कंटाळून जायची. काका मात्र रोज अकराला यायचे, मशीनच्या पंख्याजवळ हात धरून ते किती तापलंय ते बघायचे आणि वहीत लिहून ठेवायचे.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर खोदकाम सुरू झालं आणि जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली. सकाळी आले तर क्लाउडवरची यादी उघडेना. मागच्या खोलीतलं मशीन मात्र व्यवस्थित चालू होतं. सभासद येत होते, पुस्तकं नेत होते. काका आले, त्यांनी सगळं बघितलं आणि खुर्चीत निवांत बसून चहा मागवला. मलाही बरं वाटलं. आपला निर्णय झालाच, असं मी मनात म्हटलं.

दुपारी ताईंचा फोन आला. नाशिकचं मशीन सकाळपासून लागत नाही, तुमच्याकडे लाइट गेलीय का, असं विचारत होत्या. मी केबलचं सांगितलं आणि दोन दिवस वहीतच लिहा म्हटलं.

"वही कशाला? ती दुसरी यादी चालू हाय की. माझ्या मोबाइलवर मी सकाळपासनं पाच पुस्तकं नोंदवली."

फोन स्पीकरवर होता. काकांनी कप खाली ठेवला. मी माझ्या मोबाइलचं नेट टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडलं आणि क्लाउडवरची यादी उघडली. ताईंच्या पाचही नोंदी समोर दिसल्या. आमच्या मागच्या खोलीत त्यांतली एकही नव्हती.

काकांनी त्या पाचही नोंदी पडद्यावर बोट ठेवून मोजल्या. मग म्हणाले, "एक्स्चेंजमध्ये असताना मला एकच काळजी असायची, शेवटच्या गावाला फोन लागतो का नाही. इथे मी फक्त आपल्या खोलीचा विचार केला."

पुढच्या बैठकीत क्लाउडचा ठराव काकांनीच मांडला, पण अटी घालून. दर आठवड्याला यादीची एक प्रत आपल्या डिस्कवर यायला हवी आणि ती डिस्क आपल्या कपाटात राहायला हवी. शिवाय दर तीन महिन्यांनी त्या प्रतीवरून सगळी यादी त्यांच्या घरच्या मशीनवर उभी करून बघायची. जी प्रत उघडून पाहिली नाही ती आहे असं धरायचं नाही, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्या न बघण्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

मीही एक अट घातली. ताईंच्या वहीतल्या फुल्या माझ्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. पुस्तक परत आलं की ते कुणी नेलं होतं ही नोंद पुसली जावी, असं मी मांडलं. पुस्तक किती वेळा गेलं एवढं कळलं तरी आम्हाला पुरे होतं. प्राध्यापिकांनी तशी व्यवस्था करून दिली. मी सायखेड्याला जाऊन ताईंना ते करून दाखवलं. एक पुस्तक माझ्या नावावर चढवलं, परत घेतलं, आणि मग माझं नाव कुठे सापडतं का ते त्यांनाच शोधायला लावलं. त्यांनी तीनतीनदा शोधलं. मग म्हणाल्या, "आता बायकांना सांगाया हरकत नाय."

याला दीडएक वर्ष झालं. पेठ तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी आमच्याबद्दल ऐकून फोन केला आणि त्यांचं पुस्तकांचं कपाटही याच यादीत आलं. यंदा द्राक्षांच्या हंगामात ताईंचा एक दिवस दुपारी फोन आला. पेठकडची काही कुटुंबं सायखेड्याजवळच्या बागेत कामाला आली होती. त्यांतली एक आठवीतली मुलगी वाचनालयात आली होती. हातात शाळेतून नेलेलं पुस्तक होतं, दोन भागांच्या कादंबरीतला पहिला भाग. तिला दुसरा हवा होता, आणि पहिला इथे परत केला तर चालेल का, असं ती विचारत होती.

मी यादी उघडली. पुस्तक पेठच्या कपाटातलं, मुलीच्या नावावर, सगळं समोर होतं. इथेच जमा करून घ्या म्हटलं. ताईंनी घेतलं आणि पडद्यावर पहिल्या भागापुढचं तिचं नाव माझ्यादेखत पुसलं गेलं. दुसरा भाग आमच्याकडे वरच्या मजल्यावर होता. तो आणून मी टेबलावर काढून ठेवला.

"उद्या टेम्पो येतोय," ताई फोनवर म्हणाल्या. "मीच घेऊन जाते. ती सांजच्याला येऊन बसणार हाय."