चौथी सोबत

सुनेच्या मधुचंद्राचं वेळापत्रक सासूनं आखलं, हे कळल्यावर आमच्या शाळेतल्या बायका आठवडाभर हसत होत्या. हसू देत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तासिकांची वेळापत्रकं लावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. सात वर्ग आणि चार शिक्षक यांचा मेळ जिला घालता येतो, तिला दोन माणसं डोंगरावर पोचवणं काय अवघड, असं मला वाटलं होतं. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा वाटण्यातूनच बिघडल्या आहेत.

पोरगा फौजेत. लग्न, पूजा, जागरण-गोंधळ आणि पाहुण्यांच्या पंगती यांत त्याची सगळी रजा गेली आणि हातात उरले पाच दिवस. पाचव्या दिवशी त्याला निघायचं होतं, तेही जिथं फोन लागला तर लागला अशा ठिकाणी. पुढची रजा कधी, हे त्याच्या साहेबालाही सांगता आलं नसतं. आणि इतक्या दिवसांत त्या दोघांना एक कप चहासुद्धा दोघांत म्हणून प्यायला मिळाला नव्हता. घरात कायम कुणीतरी असायचंच. कुणी नसलं तर मी असायची.

हे माझ्या जिवाला लागलं होतं, कारण आमचे हेही फौजेतलेच. लग्नानंतर आठव्या दिवशी ट्रंक उचलून गेले. "पुढच्या सुट्टीला तुला महाबळेश्वर दाखवतो," म्हणाले होते. महाबळेश्वर मी पाहिलं, पण शाळेच्या सहलीबरोबर, ऐंशी पोरं आणि उलट्या करणाऱ्या दोन मदतनीस बायका घेऊन. त्यामुळे पोराच्या या दोन रात्री काही झालं तरी वाया जाऊ द्यायच्या नाहीत, असं मी ठरवलं होतं.

अडचण देवाची होती. आमच्यात जोडीनं जेजुरी केल्याशिवाय नवराबायको दुसरीकडे कुठं जात नाहीत, आणि देवाला जाताना घरातलं वडील माणूस बरोबर लागतं. मग मी देव आणि डोंगर एकाच दौऱ्यात बसवले. आमच्या कुंडलपासून जवळच्या स्टेशनावरून सकाळची गाडी धरायची, जेजुरी करायची, दुपारच्या गाडीनं माघारी फिरायचं. वाटेत सातारा लागलं की दोघांनी उतरायचं आणि जीपनं मेढ्यावरून महाबळेश्वरचा घाट चढायचा. मी त्याच गाडीनं एकटी घरी. वहीत रकाने आखून मी हे सगळं लिहिलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "नकाशा चांगला आहे. शत्रू कुठल्या बाजूनं येणार, तेवढं लिहायचं राहिलंय."

ते चेष्टेनं म्हणाले होते.

आम्ही वस्तीवर राहतो. घरापुढं रस्ता, मागं ऊस आणि उसाच्या कडेला विहीर. विहिरीच्या काठावर उंबराखाली सात दगड आहेत, साती आसरा. पाण्यातल्या सातजणी. पूर्वी त्यांना शेंदूर असायचा. माझी नोकरी सुरू झाल्यापासून शेंदूर उडत गेला आणि उसाच्या वाळल्या पाचटाखाली निम्मे दगड झाकले गेले. नवी सून आली की आधी या सातजणींची ओटी भरायची आणि मगच तिनं विहिरीत डोकवायचं, अशी रीत. माझ्या वहीत या रीतीला रकाना नव्हता. डोंगरावरून आल्यावर बघू, असं मी म्हटलं.

सुनेचं माहेर माण तालुक्यातलं. तिथं पाणी टँकरनं येतं आणि कळशीनं मोजलं जातं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली ती आलीच नाही. बघायला गेले तर काठावर उकिडवी बसून खाली बघत होती.

"आत्या, हे समदं आपलं?"

"पाणी? हो, आपलंच."

"आटत न्हाई कवाच?"

"मी आल्यापासून तरी नाही."

"मग खालनं कोण भरतं?" असं म्हणून ती हसली. मीही हसले, पण तिचा हात धरून तिला उठवलं. हात गार होता. उन्हाळा लागत आला होता आणि ती उन्हात बसली होती, तरी.

निघायच्या दिवशी पहाटे जीप रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवत होती. शेजारच्या घरातून थोरल्या जाऊबाई ओरडल्या, "आगं, तिगंच निगालाय न्हवं? चौथा दगूड घे सोबतीला!"

तिघांनी मिळून शुभकामाला निघू नये, निघालंच तर एक दगड बरोबर घ्यावा, तो चौथा. पोरांना मी वर्गात विज्ञान शिकवते, तेव्हा या रीतीवर माझा विश्वास नाही हे सांगायला नकोच. तरी मी पळत मागं गेले. अंगणात सगळी फरशी, रस्त्यावर सगळं डांबर. हॉर्न वाजतच होता. अंधारात पाचटात हात घातला, तळव्यात मावेल असा गुळगुळीत दगड लागला, तो उचलून जेवणाच्या पिशवीत टाकला. कुठून उचलला हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी तेव्हा मनात रकाने तपासत होते.

गाडीत चौघांचा बाक रिकामा मिळाला. पोरगा आणि सून शेजारी शेजारी, त्यांच्यासमोर मी. पोरानं पिशवीतून दगड काढून माझ्या शेजारी, खिडकीपाशी ठेवला.

"बसा मावशी. आईनं तुमचं तिकीट काढलं न्हाई, टीसी आला तर झोपल्याचं सोंग घ्या."

आम्ही हसलो. सून हसली नाही. तिनं उठून खिडकीची काच वर केली आणि म्हणाली, "बघू दे त्यास्नी बाहेर."

कराडला गर्दी चढली. एका बाईनं आमच्या बाकाकडं बघून विचारलं, "हितं कोण बसलंय का?"

"बसल्यात की," सून म्हणाली.

आणि ती बाई, खिडकीपाशी नुसता दगड दिसत असताना, "बरं," म्हणून पुढं गेली. मी शिक्षिका असल्यामुळे लोकांच्या चुका दाखवायची मला सवय आहे. त्या दिवशी मी नुसती खिडकीपासून जरा सरकून बसले.

जेजुरी नीट पार पडली. पोरगा बायकोला उचलून पाच पायऱ्या चढला, त्यानं भंडारा उधळला, मी फोटो काढले आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंत माझं बोट आलं. दगड पिशवीत होता. जेवायला बसलो तेव्हा पिशवीचा तळ भिजलेला दिसला. पाण्याची बाटली सांडली असेल म्हणून बघितली तर तिचं बूचही उघडलेलं नव्हतं.

माघारीच्या गाडीत दगड पुन्हा खिडकीपाशी बसला. लोणंद सोडल्यावर बोगदे लागतात. डब्यातले दिवे बंद होते. पहिल्या बोगद्यात अंधार झाला आणि बांगड्या वाजल्या. नव्या नवरीच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, तो वाजणारच. पण आवाज माझ्या उजव्या हाताला, खिडकीकडून आला. उजेडात आलो तेव्हा सून समोर नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, दोन्ही हात पदराखाली. दुसऱ्या बोगद्यात मी डोळे घट्ट मिटून घेतले. अंधारात डोळे मिटून काय उपयोग, असं वर्गातल्या पोरानं मला विचारलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. बांगड्या पुन्हा वाजल्या. या वेळी कुणी आळस द्यावा तशा, सावकाश.

साताऱ्याला गाडी थांबली न थांबली, पोरांनी सामान उतरवलं. सोबत जिथं फुटते तिथं चौथा दगड ठेवून द्यायचा असतो. दगड जागेवर दिसेना, म्हणून मी पिशवी चाचपली. पिशवी रिकामी होती. खिडकीपाशी एक ओलं वर्तुळ, बशीएवढं. गाडी हलली. फलाटावर दोघं हात हलवत होती. सुनेचा एक हात हलत होता; दुसरा तिनं जरासा बाजूला धरला होता, लहान बहिणीचं बोट धरावं तसा.

स्टेशनवर हे मोटरसायकल घेऊन आले होते. घरी पोचलो तर जाऊबाई पायरीवर बसलेल्या. शुक्रवार होता, त्या विहिरीवर दिवा लावायला गेल्या होत्या.

"सहाच हायत गं," त्या म्हणाल्या.

मी विहिरीवर गेले. पाचट बाजूला केलं. सहा दगड आणि एक रिकामा खळगा. महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नव्हता, पण खळग्यात पाणी होतं. त्यात उंबराचं पान गोल गोल फिरत होतं. वारा नव्हता.

"तू उचाललीस?" जाऊबाईंनी विचारलं.

"घाईत होते हो."

"मास्तरीण हायस न्हवं? सातातनं एक गेला तर ऱ्हात्यात किती, एवढं तरी यायला पायजे हुतं."

मी फोन लावला. घाटात रेंज नसते. जाऊबाई शेजारी बसून बोलत राहिल्या, की तिकडं झरे, तळी, कडे; पोरीची ओटी भरलेली नाही; तिला पाण्याचं आधीच वेड. चौथ्यांदा फोन लागला.

"आई, पोचलो!" पोरगा खुशीत होता. "एक गंमत सांगतो. मेढ्याला चहाला थांबलो, तर हॉटेलवाल्यानं तीन कप आणले. म्हटलं आमी दोघंच हाय. तर म्हणतो, त्या जीपमधनं उतरल्या त्या? तिसरा मीच पिलो."

"सुनेला दे."

सून आली. मी विचारलं, "पोरी, दगड तुझ्याजवळ आहे का?"

"हायत की माझ्याजवळ. तुमी एकट्याच गाडीनं चालला हुता, त्यास्नी घेऊन कशाला जाता, म्हटलं. त्यास्नी डोंगर बघायचा हाय."

"कुणी सांगितलं?"

जरा वेळ नुसता पाण्याचा आवाज आला. नळ असेल. "गाडीत बोलल्या की," ती म्हणाली. "तुमी जाग्याच हुता न्हवं?"

जाऊबाईंनी माझा दंड धरला. "पहाटच्याला माघारी ये म्हण. आत्ताच्या आत्ता म्हण."

मी बोलावलं असतं तर ती दोघं आली असती. पोरगा कुरकुर न करता आला असता. फौजेत हुकूम पाळायची सवय लागते. मग दोन दिवस पाहुणे, ट्रंक, आणि स्टेशन. माझ्यासारखंच. मी त्या खळग्याकडं बघत होते. या सातजणी इथं कधीपासून बसल्या आहेत, ते कुणालाच माहीत नाही. पूर्वी शेंदूर तरी मिळायचा. माझ्या काळात पाचट मिळालं. यातल्या एकीनं कधी खिडकीतून बाहेर बघितलं असेल?

मला भीती वाटत होती, हे कबूल करते. तरी मी म्हणाले, "पोरी, ऐक. खोलीत त्यांना खिडकीपाशी ठेव. सकाळी तिथं जे मिळेल त्यानं ओटी भर. पाण्याजवळ जाताना नवऱ्याचा हात सोडू नको. आणि परवा तिघंही माघारी या."

"व्हय आत्या."

फोन ठेवला तेव्हा जाऊबाई माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू आठवी मीच. त्या दोन रात्री मी धड झोपले नाही. दिवसा सहाजणींपुढं नारळ ठेवला, शेंदूर लावला, उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. ह्यांनी लांबून विचारलं, "मुख्याध्यापिका, तपासणी आहे काय?" पण संध्याकाळी विहिरीकडं येताना तेही चपला काढून आले.

तिसऱ्या दिवशी दोघं आली. हसत, उन्हानं रापलेली. पोरगा दारातूनच चहा मागत होता, आणि सून न विचारता त्याच्या कपातला चहा आपल्या बशीत ओतून घेत होती. ते बघून मला भरून आलं. झालं ते चांगलं झालं, असं मनाला सांगितलं. मग फोटो बघितले. दोघांचे बरेच होते, पण सगळ्यांत सून थोडी सरकून उभी होती, आणि तिच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा रिकामी.

"फोटो कुणी काढले?"

"असंच कुणीतरी," पोरगा म्हणाला. "पण हिला सांगून सांगून दमलो, मधी ये, मधी ये."

सुनेनं रुमालातून दगड काढला. ओटीत तिनं स्ट्रॉबेरी घातल्या होत्या. त्यांचा लाल डाग दगडावर शेंदरासारखा बसला होता. मी तो खळग्यात ठेवला. पाणी आत जिरलं. सहा दगड उन्हानं तापले होते. सातवा गार होता, डोंगरावरच्या पहाटेसारखा. तो आजही तसाच आहे. मी भर मे महिन्यात हात लावून बघितलं आहे. विज्ञान शिकवते म्हणून दोनदा.

पोरगा पाचव्या दिवशी गेला. स्टेशनवर सून रडली नाही. रोज संध्याकाळी ती विहिरीवर दिवा लावायला जाते आणि बराच वेळ येत नाही. तिच्या बोलण्याचा आवाज घरापर्यंत येतो. मध्ये मध्ये ती थांबते, समोरच्याला बोलू द्यावं तेवढीच, आणि मग हसते. सुरुवातीला मी उसाआड उभी राहून ऐकायची. आता जात नाही. नवरा लांब असलेल्या बाईला कुणीतरी लागतं बोलायला. मला त्या वयात मिळालं नव्हतं.

परवा पोराचा फोन आला. रजा मिळतेय, दहा दिवस. मी वही काढली, रकाने आखले. ह्यांनी विचारलं, "तिकिटं किती काढायची?"

"तीन," सून भाकरी थापता थापता म्हणाली.

"मला धरून?" मी विचारलं.

"न्हाई आत्या. तुमी कशाला?"

मी वहीत तीन लिहिलं. तिघं निघाली की चौथा दगड लागतो. तो कुठून उचलायचा, हे जाऊबाईंना विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.